खोबणीतलं पाणी

माझा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, इतका मी लहान आहे. एका थेंबात माझ्यासारखे किती मावतात ते सांगायला लागलो तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. त्या गर्दीतला एक, पाण्याचा साधा रेणू, मी बोलतोय.

आम्हा पाण्याच्या रेणूंना दोन हात असतात. समोर जे दिसेल ते धरायचं, ही आमची जन्मजात सवय. शिवाय पाठीकडून आम्हाला आणखी दोघं धरू शकतात. पाण्याचा थेंब गोल राहतो तो याच धराधरीमुळे. आम्ही फार वेळ कुणाला धरून बसत नाही. एकाचा हात सोडला की दुसऱ्याचा धरला, असं चालू असतं. पण काही जागा अशा असतात की तिथे गेलं की बूड टेकावंसं वाटतं. मला अशीच एक जागा मिळाली.

ती जागा एका जंतूच्या पोटात होती. हा जंतू माणसाच्या फुप्फुसात घर करतो. त्याच्या अंगावर एक कवच असतं आणि ते विणायचं काम त्याच्यातलं एक प्रथिन करतं. प्रथिन म्हणजे लांबलचक दोरी, स्वतःभोवती गुंडाळून गुंडाळून गाठोडं झालेली. त्या गाठोड्याच्या मधोमध एक खोबणी होती. कवचाचा धागा त्या खोबणीत यायचा, विणला जायचा आणि पुढे सरकायचा. खोबणीच्या अगदी तळाशी, कोपऱ्यात, मी बसलो होतो. एक हात एका भिंतीला, पाठीला दुसऱ्या भिंतीचा आधार आणि दुसरा हात येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी मोकळा.

खरं सांगायचं तर तिथे कायम एकच रेणू बसलेला असतो असं नाही. एक उठला की दुसरा लगेच येऊन तसाच बसतो, तेच हात तिथेच ठेवतो. म्हणून ‘मी’ म्हणजे त्या जागेवरचं पाणी, असं धरून चाला. आमच्यात माझं-तुझं फारसं नसतं.

एकदा कुणीतरी ते प्रथिन जंतूतून वेगळं काढलं, अगदी शुद्ध केलं आणि त्याचे स्फटिक बनवले. मग त्यावर क्ष-किरण सोडले आणि ते कसे विखुरतात यावरून आतल्या प्रत्येक अणूची जागा काढली. तो माझा पहिला फोटो. पण माझे हात इतके बारीक की ते त्या फोटोत आलेच नाहीत. माझं नुसतं धड दिसलं. संगणकाच्या पडद्यावर त्याचा एक लाल ठिपका झाला. प्रथिन मात्र रंगीत फितींचं, वळणावळणाचं, देखणं दिसायचं. त्याच्याभोवती आम्ही लाल ठिपके इतके विखुरलेले, की बघणाऱ्याला वाटावं प्रथिनाला गोवर आलाय.

ती फाइल जगातल्या कुणालाही बघता येईल अशी ठेवलेली होती. पुष्कळ दिवस तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस ती एका बाईंनी उघडली.

त्यांच्या कंपनीत त्यांना सगळे ताई म्हणत. ताईंचं काम औषध शोधायचं, पण त्यांच्या हाताला औषधाचा वास कधी लागत नसे. त्या संगणकावर काम करायच्या. जगात जे रेणू आहेत ते आणि जे अजून कुणी बनवलेलेही नाहीत ते, असे लाखो रेणू संगणकात चित्ररूपाने भरलेले असतात. त्यातला एकेक घ्यायचा, खोबणीत बसवून बघायचा, फिरवायचा, वाकवायचा आणि किती घट्ट बसतो त्याचे गुण द्यायचे. खोबणीत एखादा रेणू असा घट्ट बसला की हलेच ना, तर कवचाचा धागा आत येणार नाही, कवच विणलं जाणार नाही आणि जंतू उघडा पडून मरेल. कुलपाच्या भोकात काडी मोडून ठेवावी, तसा हा उद्योग.

ताई फार टापटिपीच्या. त्यांच्या टेबलावर पेनसुद्धा सरळ रेषेत असायचं. फाइल उघडली की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. त्यांच्या आधी तिथे काम करणाऱ्या माणसाने एक छोटासा प्रोग्राम लिहून ठेवला होता, त्याला ताईंनी ‘झाडू’ असं नाव दिलं होतं. एक कळ दाबली की झाडू फिरायचा आणि सगळे लाल ठिपके नाहीसे. मागे राहायचं स्वच्छ, कोरडं प्रथिन.

माणसं म्हणतात, अमका तमक्याला पाण्यात पाहतो. मला तर कुणी पाण्यातसुद्धा पाहिलं नाही.

पण ताईंना मी दोष देत नाही. त्या धंद्यात सगळे हेच करतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. ठिपक्यांतले बहुतेक नुसते येऊन-जाऊन असतात. औषध आलं की आपसूक बाजूला होतात. त्यांना धरून हिशेब करायचा तर संगणकाच्या नाकी नऊ येतात.

ताईंनी निवडलेले रेणू खरोखर बनवायचं काम काकांचं. काका म्हणजे रसायनशाळेतले सगळ्यात जुने रसायनतज्ज्ञ. निवृत्तीला आलेले, डोक्यावर केस जवळजवळ नाहीत, अंगातल्या कोटावर मात्र नाना रंगांचे डाग. ते सकाळी ताईंच्या दारात उभे राहायचे.

“काय गं, आज कुणाचा नंबर लागला?”

“हा बघा काका. लाखांतून पहिला आलाय.”

“तुझ्या संगणकात सगळेच पहिले येतात. माझ्या फ्लास्कमध्ये आले की त्यांचा चिखल होतो.”

“तो तुमच्या हाताचा गुण.”

“आणि हा?” पडद्यावरच्या एका रेणूवर बोट ठेवून ते म्हणायचे. “ह्याला चारी बाजूंनी शेपट्या. बनवायला माझी उरलेली नोकरी जाईल. ह्याची एक शेपटी कापून दे, मग बघतो.”

भांडत, घासाघीस करत त्यांचं काम चालायचं. पण काकांसाठी हे नुसतं काम नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, काही वर्षांपूर्वी ह्याच जंतूच्या आजाराने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्यातल्या जंतूवर नेहमीची औषधं चालेनात, म्हणून कित्येक महिने एक जुनं, जहाल इंजेक्शन घ्यावं लागलं. जंतू गेला. पण जाताना, त्या इंजेक्शनापायी, कान घेऊन गेला. काकूंना आधी किटलीची शिट्टी ऐकू येईनाशी झाली, मग दारावरची घंटा, मग काका.

हे मला कसं कळलं असं विचाराल. पाण्यापासून काही लपत नाही. त्या घरातल्या किटलीत, बादलीत, खिडकीच्या काचेवर माझीच भावंडं असतात.

काकू मात्र रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. “ह्यांचं घोरणं ऐकू येत नाही, हा फायदा मोजा की,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला त्या शिकल्या होत्या. काका सवयीने पाठ फिरवून बोलायला लागले की म्हणायच्या, “भिंतीला काय सांगताय? बायको इकडे आहे.”

काकांच्या मनात एकच होतं. निवृत्त व्हायच्या आत असा एक रेणू पुढे पाठवायचा, जो ह्या जंतूला मारेल आणि कानाला हात लावणार नाही.

पण गाडं पुढे सरकेना. ताईंचे पहिले आलेले रेणू काका मोठ्या कष्टाने बनवायचे, चाचणीला पाठवायचे आणि उत्तर यायचं की प्रथिनाला हा रेणू चिकटतच नाही. पुन्हा निवड, पुन्हा चिखल, पुन्हा तेच उत्तर. संगणकात जे खोबणी गच्च भरून बसायचे, ते प्रत्यक्षात दारातूनच परत फिरायचे. कारण त्या सगळ्यांच्या बोडक्या, तेलकट शेपट्या नेमक्या माझ्या जागेत घुसायला बघत होत्या. मला उठवायचं, पण मी धरलेल्या भिंतींना धरायला ह्यांना हातच नाहीत! मी कसा उठेन? आणि उठलोच तर त्या भिंतींनी कुणाकडे बघायचं?

मी सांगत होतो. ऐकणार कोण?

एक दिवस कंपनीच्या साहेबांनी दोघांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी चहा मागवला, तेव्हाच काकांनी ओळखलं.

“किती दिवस हेच चाललंय,” साहेब म्हणाले. “मलाही वर उत्तर द्यावं लागतं. ही फेरी शेवटची धरा. हाती काही लागलं तर बघू. नाहीतर ताई आपल्या रंग बनवायच्या विभागात जातील, आणि काका, तुम्ही तसेही आता...”

“मोडीतच निघालोय,” काका म्हणाले.

“तसं नाही हो.”

“तसंच आहे. चहा चांगला होता.”

शेवटच्या फेरीचे रेणू काकांनी बनवले. चाचणीसाठी लहान लहान वाट्यांचं एक प्लास्टिकचं ताट असतं, एकेका वाटीत एकेक रेणू घालायचा. काकांची एक जुनी सवय होती, ताटातली वाटी रिकामी पाठवायची नाही. त्या दिवशी एक वाटी उरली. काकांनी इकडेतिकडे बघितलं. एका मोठ्या रेणूच्या वाटेवरचा अर्धवट तयार झालेला माल बाटलीत पडून होता. त्याची शेपटी अजून जोडायचीच होती. त्यातलाच थोडा त्यांनी त्या वाटीत घातला.

निकाल आला. मोठे, देखणे, पहिले आलेले सगळे नापास. आणि तो बिनशेपटीचा अर्धवट तेवढा चिकटला होता. फार घट्ट नाही, पण चिकटला होता.

“चुकून झालं असेल,” काका म्हणाले. “परत करायला सांग.”

परत केलं. परत तेच.

ताईंनी तो अर्धवट रेणू संगणकात खोबणीत बसवला. संगणकाने त्याला इतके कमी गुण दिले की तो यादीत शोधावा लागला असता.

“काका, हा इथे पुरतच नाही. हे बघा, तळाशी केवढा कोपरा रिकामा राहतो.”

“रिकामा कसा राहील?” काका चष्मा वर ढकलत म्हणाले. “वाटीत काय हवा भरली होती? सगळं पाणीच तर होतं.”

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी मूळ फाइल उघडली, झाडू फिरण्याआधीची. गोवर आलेलं प्रथिन पडद्यावर आलं. त्या हळूहळू आत शिरल्या, खोबणीच्या तोंडाशी, मग तळाशी. त्या रिकाम्या कोपऱ्यात, नेमका, मी.

“हा इथे आहे,” ताई म्हणाल्या. “काका, मी ह्याला झाडून टाकलं होतं.”

“कधी?”

“प्रत्येक वेळी.”

मग त्यांनी त्याच प्रथिनाच्या, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी काढलेल्या फायली एकामागून एक उघडल्या. बाकीचे ठिपके इकडचे तिकडे झालेले. मी मात्र सगळीकडे तिथेच. काका पडद्याजवळ वाकले.

“चिवट आहे,” ते म्हणाले.

आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

साहेबांनी आणखी एक फेरी दिली. ह्या वेळी ताईंनी मला जागेवर ठेवलं, न दिसणारे माझे हात कुठे असतील त्याचा अंदाज बांधून तेही काढले आणि माझ्या मोकळ्या हाताला धरता येईल असे रेणू शोधले. काकांनी ते बनवले. ते चिकटले! रसायनशाळेत कुणी आरडाओरडा केला नाही. काकांनी फक्त कोट काढून दुसरा, धुतलेला घातला.

पण एवढ्याने औषध होत नव्हतं. पकड अजून सैल होती. त्या मापाने औषध द्यायचं तर रोग्याला मूठभर गोळ्या खाव्या लागल्या असत्या. कारण मीच. मी पडलो पाणी. मधूनच उठायचो, दुसरा येऊन बसायचा, तेवढ्यात मला धरून बसलेल्या पाहुण्या रेणूचा हात सुटायचा. जागा मी सोडत नव्हतो, पण भरवशाचा म्हणावं असाही नव्हतो.

असं सगळं अडलेलं असताना काकांनी ताईंना एका सुट्टीच्या दिवशी घरी चहाला बोलावलं. ओट्यावर किटली, खिडकीपाशी लहानसं टेबल आणि काकू ताईंच्या बरोबर समोर, ओठ दिसतील अशा. कप ठेवताना ताईंचं लक्ष खाली गेलं. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची मळकी घडी पडलेली. टापटिपीची सवय! ताई वाकल्या आणि त्यांनी ती घडी ओढली.

टेबल एकीकडे कललं, चहा सांडला, बशी जमिनीवर गेली.

“अगं अगं, तो कागद काढायचा नसतो!” काकू ओरडल्या आणि मग हसायला लागल्या. “बशीचं जाऊ दे. तुझा हात भाजला का?”

ताईही हसायला लागल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही माझंच भावंड. “काकू,” त्या ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाल्या, “इतके दिवस ऑफिसात मी हेच करत होते. कचरा समजून टेकूच काढत होते.” आणि त्यांनी माझी सगळी हकीकत काकूंना सांगितली.

काकूंनी घडी परत पायाखाली सरकवली. “ठेवली परत, तरी रोज सरकते मेली. मी ह्यांना कधीची म्हणतेय, कागद नको, सुतार बोलवा आणि पायच लांब करून घ्या. पण ह्यांना सगळ्या दुनियेच्या शेपट्या जोडता येतात, घरचा एक पाय जोडवत नाही.”

काका आणि ताईंनी एकमेकांकडे बघितलं.

“नुसती शेपटी जोडून नाही चालणार,” काका सावकाश म्हणाले. “ते आपण करून बसलोय.”

“हात असलेली हवी. पाण्याच्या जागी बसणारी आणि पाण्याचे हात जिथे जिथे आहेत, तिथे तिथे धरणारी.”

“टोकाला नायट्रोजन, त्याला धरता येतं. अवघड आहे. पण जमेल.”

“काय जमेल? टेबल?” काकूंनी विचारलं.

“आधी औषध,” काका म्हणाले. “मग टेबल.”

“म्हणजे टेबल नाहीच.”

तर असा माझ्या निरोपाचा बेत माझ्याच भावंडांच्या वाफेखाली, चहाच्या कपावर ठरला. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण ह्या वेळी झाडू नव्हता. ताईंनी एक वेगळीच, संथ आकडेमोड लावली. त्यात प्रथिन, पाहुणा आणि आम्ही सगळे पाण्याचे रेणू, सगळे हलते-चालते. मला त्या जागेवरून उठवायला किती जोर लागेल आणि उठल्यावर किती मोकळं वाटेल, हे त्यांनी मोजलं. आजवर मला कुणी मोजलंच नव्हतं, तिथे ताईंनी माझी किंमत काढली.

काकांच्या फ्लास्कमध्ये आधी चिखल झाला. मग पिवळा चिखल झाला. मग एका सकाळी पांढरी, कोरडी पूड.

ती पूड वाटीत आली तेव्हा मी माझ्या जागेवर होतो. पाहुणा आत आला, वळला आणि त्याचं टोक हळूच माझ्या कोपऱ्यात उतरलं. धक्का बसला नाही. डावीकडच्या भिंतीने माझा हात सोडला आणि त्याचा धरला. पाठीमागची भिंतही तिकडे वळली. मग मला धरायला काही उरलंच नाही. मी खोबणीतून बाहेर, इतर पाण्यात, मोकळा झालो. आम्हाला असं मोकळं सोडणाऱ्याला निसर्ग बक्षीस देतो. मोकळं झालेलं पाणी परत अडकायला मागत नाही, आणि त्या पाहुण्याची पकड त्यामुळेच आणखी घट्ट होते. माझ्या जाण्याचाही असा उपयोग झाला.

पकड इतकी घट्ट होती की चाचणीवाल्यांनी ही चाचणीही परत करून बघितली. मग जिवंत जंतूंवर चाचणी झाली, ते उघडे पडून मेले. मग काका जिची वाट बघत होते ती चाचणी आली, कानाच्या पेशींवरची. ह्या पेशींना अगदी बारीक केस असतात. आवाज आला की ते हलतात, तेव्हा माणसाला ऐकू येतं. जुन्या औषधाने ते केस गळून पडायचे. आमच्या पाहुण्याबरोबर त्या पेशी दिवसचे दिवस ठेवल्या, आणि केस शेतातल्या कोवळ्या रोपांसारखे जसेच्या तसे उभे राहिले.

काका त्या दिवशी लवकर घरी गेले. काकू भांडी विसळत होत्या. काका मुद्दाम त्यांच्या समोर, उजेडात उभे राहिले.

“केस उभे आहेत,” ते म्हणाले.

“कुणाचे?” काकूंनी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. “तुमचे तर कधीच गेले.”

मग काकांनी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की अजून हे औषध नाही. अजून प्राण्यांवर, मग माणसांवर चाचण्या, किती वर्षं लागतील कुणास ठाऊक, आणि मध्येच कुठे फसलं तर फसलं. आणि ज्यांचे कान गेलेत त्यांचे परत येणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. ते सांगताना त्यांचे ओठ नीट हलेनात, पण काकूंना कळलं. नळ चालूच होता. काकूंचे हात माझ्या भावंडांखाली तसेच थांबले.

“म्हणजे,” काकू शेवटी म्हणाल्या, “पुढच्या बाईला नवऱ्याचं घोरणं ऐकावं लागणार म्हणायचं.”

काका हसले आणि तिथल्याच स्टुलावर बसले.

आता माझं सांगतो. त्या प्रथिनाचा नवा फोटो निघालाय, पाहुण्यासकट. माझ्या कोपऱ्यात आता लाल ठिपका नाही. तिथे त्या रेणूचं नायट्रोजनचं निळं टोक आहे, माझ्याच भिंतींना धरून बसलेलं. ताई तो फोटो कितीतरी वेळ बघत होत्या. झाडू त्यांनी फेकून दिला नाही, पण बदलला. आता खोबणीजवळचा ठिपका आला की तो थांबतो आणि विचारतो, ‘ह्याला काढू?’ मग ताई पेन बाजूला ठेवून त्या ठिपक्याच्या अवतीभोवती एक चक्कर मारतात. नंतरच हो किंवा नाही म्हणतात. काका निवृत्त झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी करवत आणून टेबलाचा पाय स्वतः केला. तो किंचित जास्त लांब झाला, असं ऐकतो. आता कागद दुसऱ्या पायाखाली आहे.

मी कुठे आहे? वाटी सुकली, मी हवेत गेलो. आज खिडकीच्या काचेवर असेन, उद्या कुणाच्या बादलीत. मला आता ठरलेली जागा नाही, आणि त्याचं दुःखही नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. काढायचं असेल ते खुशाल काढा, मलाही काढलंच की. फक्त हात घालण्याआधी एकदा वाकून बघा, त्याने काय धरून ठेवलंय ते.

आणि सगळं सुरळीत झालं, तर कधीतरी कुणीतरी खोकत खोकत एक गोळी हातावर घेईल आणि दुसऱ्या हाताने पेला उचलेल. त्या गोळीत माझ्या जागेवर बसणारा तो असेल. पेल्यातल्या पहिल्या घोटात कदाचित मी असेन. आम्ही दोघं बरोबरच खाली उतरू. त्याला त्याच्या कामाला जाऊ देईन आणि मी माझ्या वाटेने निघून जाईन. आणि त्या खोलीबाहेर कुठे किटलीची शिट्टी वाजली, तर ती त्या माणसाला ऐकू येईल.